तेराशेचा डिजिटल मीटर, जुनी स्प्लेंडर आणि माझे तीन रविवार

चावी बंद केली की मीटर चालू होतो आणि चावी लावली की बंद पडतो, असा मीटर कुणी बघितलाय का? मी बघितलाय, आमच्या स्वतःच्या गाडीवर, आणि बसवणारा माणूस मला वर सांगत होता की साहेब पीस फॉल्टी आलाय, परत पाठवा. पीस फॉल्टी नव्हता. पण ते पुढे सांगतो, आधी गाडी कोणती आणि हा उद्योग केला कशाला ते सांगतो.

गाडी बाबांची आहे, २००६ ची हिरो होंडा स्प्लेंडर प्लस, किकवाली, पुढे मागे ड्रम ब्रेक. आम्ही पुण्यात धनकवडीत राहतो आणि गाव वाईजवळ, बाबा रिटायर झाल्यापासून आठवड्याला एक फेरी गावाला मारतातच आणि ती पण याच गाडीवर, एसटीनं जा म्हणलं तर ऐकत नाहीत. तर या गाडीचा मीटर गेली दोन वर्षं नाटकं करत होता. आधी केबल तुटली, नवीन टाकली, मग काटा ४० आणि ७० च्या मधे नाचायला लागला, मग एक दिवस आतलं काहीतरी कटकट करून काटा शून्यावर झोपला तो झोपलाच. जुन्यासारखाच मीटर घ्यायचा तर मिळतो, पण मला हौस. ऑनलाइन बघता बघता एक गोल एलसीडीवाला युनिव्हर्सल मीटर दिसला, स्पीड, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे), पेट्रोल, गिअर, बॅटरीचे व्होल्ट, सगळं एका डबीत, किंमत १३००. ब्रँड म्हणावा असं त्याच्यावर काही नाहीये, खोक्यावर नुसतं डिजिटल मीटर लिहिलंय, त्यामुळे नाव विचारू नका. असे मीटर दहा जण दहा नावांनी विकतात आणि आतला माल बहुतेक सारखाच दिसतो.

खोक्यात काय आलं: मीटर, त्याच्या बुडातून निघालेला वीसेक वायरींचा झुपका, एक हॉल सेन्सर (चुंबक जवळून गेलं की ओळखणारा) लांब वायरीसकट, दोन छोटी गोल चुंबकं, एक पत्र्याचा क्लॅम्प आणि एक कागद. त्या कागदावरची अक्षरं मुंगीएवढी आहेत आणि इंग्रजी असं आहे की वाचून आपलं इंग्रजी चांगलंय असं वाटायला लागतं. तो कागद मात्र फेकू नका, वायरींचे रंग फक्त त्याच्यावरच आहेत. माझा कागद फिटरनं ग्रीस पुसायला घेतला होता, मी कचऱ्याच्या डब्यातून काढला.

फिटरकडं का गेलो तर वेळ नव्हता. नाना पेठेत शनिवारी क्लॅम्प आणि पिना घ्यायला गेलो होतो, तिथंच एकाने नंबर दिला, हा सगळ्या मॉडिफिकेशनची वायरिंग करतो म्हणून. ५०० रुपये ठरले. माणूस कामाला सुसाट होता हे मानलं पाहिजे, वीस मिनिटात जुना मीटर खाली, डोम (हेडलाईटचं कवच) खोलून वायरी बाहेर, आणि मग त्यानं जे केलं ते मी चहा पीत बघत बसलो आणि मला काहीच कळलं नाही हे माझं दुर्दैव. लाल ला लाल, काळ्याला काळी. दिसायला एकदम बरोबर.

आता गंमत अशी की होंडाच्या वायरिंगमधे काळी वायर ही अर्थची, म्हणजे बॅटरीच्या मायनसची, नसते. होंडाची अर्थ हिरवी असते. काळी ही चावीनंतरची प्लस असते, म्हणजे चावी लावली की तिच्यात १२ व्होल्ट येतात. आणि या चायना मीटरमधे काळी म्हणजे अर्थ, जशी बऱ्याच ठिकाणी असते. त्यानं मीटरची अर्थ गाडीच्या प्लसला जोडली. वरून मीटरच्या दोन्ही प्लस, म्हणजे बॅटरीची कायमची आणि चावीची अशा दोन्ही, गाडीच्या लाल वायरीला एकत्र पिळून टाकल्या, म्हणजे त्या थेट बॅटरीवर.

मग काय होणार, चावी लावली की मीटरच्या दोन्ही टोकांना प्लस, करंट जाणार कुठून, मीटर डेड. चावी बंद केली की काळी वायर मोकळी होते, आणि गाडी न्यूट्रलमधे असली की ती न्यूट्रलच्या बल्बमधून आणि न्यूट्रल स्विचमधून कशीतरी अर्थला पोचते, मग मीटरला रस्ता सापडतो आणि तो मंद मंद पेटतो. पहिल्या गिअरमधे टाकली की अजून मंद. फिटर म्हणाला पीस फॉल्टी. मी ५०० दिले, घरी आलो, रात्री पार्किंगमधे बघतो तर गाडी बंद आणि मीटर निळा निळा उजळलेला. खालचे काका म्हणाले पण, अरे गाडी चालू राहिली का तुझी.

विकणाऱ्याला मेसेज टाकला तर उत्तर आलं की वायर कापली असेल तर वॉरंटी नाही. वायर न कापता हा मीटर बसवायचा कसा हे त्यांनी सांगितलं नाही.

पहिला रविवार सगळा हे उलगडण्यात गेला. माझ्याकडं २५० रुपयाचा साधा मल्टिमीटर आहे, तेवढा पुरतो. कुणी स्प्लेंडर किंवा जुनी कुठलीही हिरो होंडा घेऊन बसणार असेल तर रंग लिहून ठेवा: हिरवी अर्थ, लाल बॅटरी, काळी चावीची प्लस, केशरी डावा इंडिकेटर, आकाशी उजवा, पोपटी हिरवी त्यात लाल रेघ ती न्यूट्रल, निळी अप्पर, म्हणजे हेडलाईटचा लांबचा झोत. न्यूट्रलची वायर प्लस देत नाही, ती न्यूट्रलला अर्थ होते, त्यामुळे मीटरमधली न्यूट्रलची वायर अर्थवर चालणारी आहे का ते कागदावर बघा, माझी होती. गिअरच्या सात वायरी या गाडीला काहीच कामाच्या नाहीत कारण स्प्लेंडरला गिअर सेन्सरच नसतो, नुसता न्यूट्रल स्विच. म्हणजे जाहिरातीत जो मोठा आकडा मधोमध दिसतो ना १, २, ३, ४, तो आमच्याकडं एन दाखवतो नाहीतर काहीच दाखवत नाही. त्या वायरी एकेक करून टेप मारून डोममधे मागे सारून द्या, उघड्या ठेवू नका.

सगळे जोड मी परत केले. फिटरनं वायर सोलून नुसती पिळून वर काळी टेप मारलेली, ती उन्हात चिकट होऊन सुटते हे सगळ्यांना माहितीये. नाना पेठेतून बुलेट पिना आणि स्लीव्ह आणल्या, पाव तोळा शिसं वितळवलं आणि एकेक जोड डाग देऊन स्लीव्ह चढवली. गाडीची मूळ वायर एकही कापली नाही, जुन्या मीटरच्या पिनांमधेच नवीन पिना खोचल्या, उद्या परत जुना मीटर लावायचा म्हणलं तर दहा मिनिटाचं काम.

एक भानगड अप्परच्या दिव्याची. या मॉडेलला हेडलाईट बॅटरीवर नाही, इंजिनाच्या कॉइलवरून थेट एसीवर, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या करंटवर चालते, म्हणून तर गाडी स्लो असली की लाईट मंद होते. ती एसी मीटरच्या अप्परच्या वायरीला दिली की निळा दिवा थरथरतो आणि रेस केली की अख्खी स्क्रीन लुकलुकते. त्याला एक डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा) लावायचा, १एन४००७, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दोन तीन रुपयाला मिळतो, पट्टीचं टोक मीटरकडं, आणि पुढं एक छोटा कपॅसिटर (व्होल्टचे चढउतार सपाट करणारा) अर्थला. माझ्याकडं ४७ मायक्रोफॅरॅड ५० व्होल्टवाला पडून होता तो लावला. थरथर गेली.

बॅटरीचं पण बघा. किकवाल्या स्प्लेंडरची बॅटरी १२ व्होल्ट २.५ अँपिअर अवरची असते, म्हणजे खेळण्यातली म्हणा. मीटरची एक वायर कायम बॅटरीवर राहते. चावी बंद करून मी मधे मल्टिमीटर टाकून बघितलं तर ६ मिलिअँपिअर खातोय. ऐकायला काहीच नाही, पण गणित करा, २५०० भागिले ६, चारशे सोळा तास, सतरा दिवसात बॅटरी सपाट. रोज फिरणाऱ्या गाडीला फरक पडत नाही, पण कुणाची गाडी महिना महिना उभी असते त्यानं हा मीटर घेऊ नये किंवा मधे एक स्विच टाकावा.

आता स्पीडचा सेन्सर. केबल काढल्यावर हबच्या ब्रेक प्लेटला जिथं केबल जायची ते भोक उघडं राहतं. फिटरनं ते तसंच सोडलेलं. त्यातून पाणी आणि माती थेट पुढच्या ब्रेकच्या लायनरवर, पावसाळ्यात ब्रेक लागणार नाही. मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून जुन्या केबलचंच नट वरून आवळलं. चुंबक ब्रेक प्लेटच्या उलट बाजूला, आरे जिथं हबला अडकतात त्याच्या आतल्या सपाट जागेवर, आधी पॉलिश पेपरनं घासून, थिनरनं पुसून, मग अरल्डाइट. नुसतं चिकटवलं तर पहिल्या खड्ड्यात जाईल असं वाटलं म्हणून वरून एम सीलचा कठडा पण केला. सेन्सर शॉकअपच्या खालच्या नळीला क्लॅम्पनं, चुंबकापासून तीन चार मिलिमीटरवर. वायर वर नेताना हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून आणि शॉकअप दाबून बघा, ताण आला तर आठवड्यात तुटणार.

हे सगळं झाल्यावर मीटर एकदम झकास दिसायला लागला, आईनं पण कौतुक केलं, आणि बाबा दोन आठवडे घेऊन फिरले. सेटिंग मी काहीच केलं नव्हतं. माझा समज असा की युनिव्हर्सल आहे म्हणजे साधारण बरोबरच असेल.

साधारण बरोबर काही नव्हतं. सगळ्यात आधी पेट्रोल. बाबा खंबाटकी घाट चढत होते, गाडीनं दोन आचके दिले, मीटरवर सहापैकी पाच दांड्या. बाबांनी सवयीनं खाली हात घालून कॉक रिझर्व्हला फिरवला आणि निघून गेले, गावाला पोचल्यावर मला फोन, म्हणे तुझ्या मीटरला सांग पेट्रोल संपलंय. जुना माणूस कॉकवर विश्वास ठेवतो म्हणून वाचला, मी असतो तर घाटात गाडी ढकलत असतो.

कारण असं की टाकीतला फ्लोट म्हणजे एक रेझिस्टन्स असतो आणि कुठल्या गाडीत तो किती ते वेगवेगळं असतं. मीटरमधे दोन सेटिंगं, १०० ओहम आणि ५१० ओहम, आणि फॅक्टरीतून तो ५१० वर आलेला. मी फ्लोटची वायर काढून मोजलं, टाकी फुल असताना नऊ ओहमच्या आसपास, रिझर्व्ह लागलं तेव्हा नव्वद. म्हणजे आमचा फ्लोट १०० वाल्या जातीचा. ५१० च्या हिशोबात नव्वद ओहम म्हणजे पाचातला एक हिस्सा पण नाही, मीटर बिचारा समजतोय टाकी भरलीये. १०० वर टाकल्यावर रिझर्व्हला एक दांडी लुकलुकते, बरोबर. पण एक दोष राहिला तो राहिलाच, आकडा स्थिर करायची सोय यात नाही, पेट्रोल टाकीत हललं की दांड्या हलतात. ब्रेक मारला की दोन दांड्या वाढतात, चढावर दोन कमी. जुना काटा आळशी होता, हळू हलायचा, ते किती बरं होतं हे आता कळलं. सपाटीला उभं राहून बघितलं तरच खरं धरा.

आरपीएम. गाडी स्लोला सोडली की मीटर २८०० दाखवायचा. कानाला तर ती नेहमीसारखीच, आणि या इंजिनाची स्लो १४०० च्या आसपास ठेवायची असते. बरोबर दुप्पट. सेटिंगमधे इंजिनाच्या दर फेरीला अर्धा, एक, दोन असे पल्स होते, आणि मीटर अर्ध्यावर. म्हणजे मीटर धरून चाललाय की चार स्ट्रोक इंजिन, दोन फेऱ्यांना एक ठिणगी. पुस्तकात तसंच असतं, पण या गाड्यांमधे सीडीआयला (ठिणगी पाडणाऱ्या डबीला) सिग्नल मॅग्नेटवरून येतो, म्हणजे क्रँकच्या दर फेरीला, मग ठिणगी पण दर फेरीला पडते, एक कामाची आणि एक एक्झॉस्टच्या वेळी फुकट. एकवर टाकलं, १४०० आलं. आरपीएमची वायर कॉइलच्या जोडाला थेट लावू नका, सीडीआय तिथं शेकड्यांनी व्होल्ट सोडतं. प्लगच्या जाड वायरीला पाच वेढे मारून टेप मारायची, बस. मी आधी दहा वेढे मारलेले तर आकडा १४०० वरून ६००० वर उडी मारून परत यायचा, पाचवर आणल्यावर शांत झाला.

आता मुख्य विषय, स्पीड. यासाठी पुढचा रविवार.

मीटरला चाकाचा घेर मिलिमीटरमधे सांगावा लागतो, आणि आतमधे आधीच २००० भरलेलं होतं. आमचा पुढचा टायर २.७५-१८. हिशोब करून बघितला तर रिम १८ इंच म्हणजे ४५७ मिलिमीटर, दोन्हीकडं पावणेतीन इंच टायर म्हणजे सत्तर सत्तर, झाले ५९७, गुणिले ३.१४, आले १८७५. हा कागदावरचा घेर. खरा घेर यापेक्षा कमी असतो कारण बसल्यावर टायर दबतो आणि झिजलेला पण असतो. म्हणून मोजायचा असाच: हवा नेहमीएवढी भरायची, टायरवर आणि जमिनीवर खडूनं रेघ, बाबांना गाडीवर बसवलं, आणि मी समोरून हँडल धरून गाडी सरळ ओढली, पाच फेरे. एक फेरा मोजला तर सेंटिमीटरची चूक होते, पाच मोजले की ती चूक पाचात वाटली जाते. पाच फेऱ्यांचे ९ मीटर २० सेंटिमीटर. म्हणजे एक फेरा १८४०. सोसायटीतली पोरं जमली होती बघायला, बाबा गाडीवर राजासारखे बसलेले आणि मी ओढतोय.

म्हणजे २००० आणि १८४०, जवळजवळ नऊ टक्क्याचा फरक. त्याच रविवारी सकाळी लवकर हायवेला गेलो, नवीन बोगद्याच्या पुढं खेड शिवापूरकडं रस्ता बऱ्यापैकी सरळ आहे तिथं. मोबाईल हँडलला लावला, जीपीएसचा स्पीड. सेटिंग न बदलता आधी बघितलं, मीटर ६०, जीपीएस ५५. अगदी हिशोबात बसलं. मग गाडी कडेला घेऊन सेटिंग बदलायला बसलो तर बटणं दोनच, आणि दाबून तीन सेकंद धरायचं, सोडायचं, परत धरायचं, आणि मधे दहा सेकंद थांबलात की तो आपोआप बाहेर पडतो आणि सगळं पहिल्यापासून. चौथ्या वेळी जमलं. हे घरी करा, हायवेला नको, ट्रकचा वारा लागतो आणि बोट घसरतं.

१८४० टाकल्यावर ४० ला ४०, ६० ला ६०, एखादा इकडंतिकडं. जीपीएस बघताना एक धरा, तो दोन तीन सेकंद मागं असतो, त्यामुळे स्पीड पंधरा वीस सेकंद एकसारखा ठेवून मग बघायचं, वाढवता वाढवता बघितलं तर वाटेल मीटर खोटं बोलतोय. किलोमीटरसाठी मी हायवेचे पिवळ्या डोक्याचे दगड धरले. दहा दगड, मीटरवर १०.०. जाताना २००० वर असताना तेच अंतर १०.९ आलं होतं.

आणि आता माझा गाढवपणा. एका चुंबकावर हळू गाडी चालवताना मीटर गोंधळतो, कारण ताशी १० किलोमीटरला चाकाचा एक फेरा व्हायला पाऊण सेकंदाच्या जवळपास लागतो, तेवढा वेळ त्याला बातमीच नाही, मग तो ० दाखवतो, मग एकदम १२. खोक्यात दोन चुंबकं होती म्हणून म्हणलं दुसरं बरोबर समोर चिकटवू आणि सेटिंगमधे पल्स २ करू. केलं. अरल्डाइट रात्रभर वाळलं, सकाळी निघालो, गाडी ४० नं पळतीये आणि मीटर २०. डोकं चालेना. परत घेर बघितला, बरोबर. संध्याकाळी लक्षात आलं की चुंबकाला दोन बाजू असतात, हॉल सेन्सर एकाच बाजूला ओळखतो, आणि मी दुसरं उलटं चिकटवलंय. म्हणजे मीटर दोन बातम्यांची वाट बघतोय आणि येतीये एकच. चिकटवायच्या आधी एकावर एक धरून बघायचं, जी बाजू बाहेर तीच दोन्हीकडं बाहेर, पेननं खूण करायची. एवढं केलं असतं तर तो तिसरा रविवार हॅक्सॉ ब्लेडनं अरल्डाइट खरवडण्यात गेला नसता. आता दोन चुंबकांवर पार्किंगमधे सुद्धा ६, ७ असं नीट दाखवतो.

वापरून तीन महिने झाले, त्यात वळवाचा एक मोठा पाऊस खाल्लाय. खोक्यावर वॉटरप्रूफ लिहिलंय, दुसऱ्या दिवशी काचेच्या आत वाफ धरली होती. पाणी साठलं नाही पण सकाळी आकडा धुकट. उन्हात ठेवून वाळवला आणि काचेच्या कडेला आणि बुडात वायरी निघतात तिथं पारदर्शक सिलिकॉन भरलं, नंतर नाही आली वाफ. खरा पावसाळा अजून यायचाय. भर दुपारी निळ्या स्क्रीनवरचा आकडा फिकट दिसतो, हेल्मेटची काळी काच असेल तर अजूनच, मान पुढं करावी लागते. रात्री उलटं, डोळ्यात घुसतो, प्रकाश कमी करायची सोय नाही, मी कारच्या काचेची फिल्म कापून अर्ध्या भागावर लावलीये. मला यातलं सगळ्यात आवडलं ते व्होल्ट, गाडी चालू असताना १४.१ च्या आसपास असतात, मधे एकदा १२.४ वर अडकले तेव्हा कळलं की रेक्टिफायरचा (इंजिनाच्या करंटवर बॅटरी चार्ज करणाऱ्या डबीचा) कनेक्टर काळा पडलाय. जुन्या मीटरवर हे बॅटरी मेल्यावरच कळलं असतं.

जुना मीटर काढताना त्याचा आकडा फोटो काढून सर्व्हिसच्या वहीत लिहून ठेवा, ७१,३४८ होता आमचा. नवीन मीटर शून्यापासून सुरू होतो, आणि उद्या गाडी विकताना घेणाऱ्याला अठरा वीस वर्षाची गाडी दोन हजार किलोमीटर फिरलेली दाखवणं बरं दिसत नाही.

घ्यावा का? ज्याच्याकडं मल्टिमीटर आहे, सोल्डरिंगचा हात आहे आणि ज्याला रविवार फुकट घालवायला आवडतो त्यानं १३०० ला जरूर घ्यावा, पाचात साडेतीन देईन. नुसता मीटर चालू पाहिजे असेल तर जुन्यासारखाच केबलचा घ्या, कमी पैशात येईल, कुठल्याही गॅरेजवाल्याला बसवता येतो आणि काळ्याला काळी जोडली तरी बिघडत नाही कारण स्पीडला वायरच नाही. बसवून घ्यायचा असेल तर आधी फिटरला विचारा, होंडाची अर्थ कुठल्या रंगाची. हिरवी म्हणाला तर गाडी द्या.

बाबांचं मत वेगळं आहे. ते गेली कित्येक वर्षं पेट्रोलची वही ठेवतात, तारीख, लिटर, किलोमीटर, ॲव्हरेज, आणि ती गाडी ५८, ५९, फार तर ६० देत आली आहे. मी सेटिंग न करता जे दोन आठवडे त्यांनी मीटर वापरला त्यात त्यांच्या वहीत ६४ लागलंय, त्याच्याखाली दोन रेघा मारल्यात, आणि त्यांनी वाईत चार जणांना सांगून ठेवलंय की डिजिटल मीटर बसवल्यापासून गाडीचं ॲव्हरेज वाढलं. घेर १८४० केल्यावर परत ५९ वर आलं. मी खडू आणि टेप घेऊन समजावून सांगितलं की बाबा, किलोमीटर खोटे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वही बंद केली आणि म्हणाले, "तू हात लावायच्या आधी बरा चालत होता."